पॅनकेकच्या पैशांवर चालणारा बंब

गेल्या वर्षी पाच महिने लेकीकडे, पेनसिल्व्हेनियात राहून आले. तिचं घर शहरात नाही. आजूबाजूला मक्याची शेतं, गाईंचे मोठाले गोठे आणि मैलभरावर एक चिमुकलं गाव. पहिल्याच आठवड्यात, रात्री जेवताना जावयांच्या कमरेचा पेजर किंचाळला. (मला वाटत होतं ही वस्तू केव्हाच अडगळीत गेली!) ते भरल्या ताटावरून उठले, गाडी काढली आणि गेले. आमच्या घरी भरल्या ताटावरून कोणी उठलं असतं तर... असो. लेकीने शांतपणे त्यांच्या ताटावर झाकण ठेवलं आणि मला म्हणाली, "आग लागली असेल कुठेतरी. तू जेव."

जावई गावच्या अग्निशमन दलात आहेत हे मला माहीत होतं. पण माझी समजूत अशी की हे आपल्या गणेश मंडळासारखं काहीतरी असणार. वर्गणी, टी-शर्ट आणि वर्षातून एकदा मिरवणूक. प्रत्यक्षात निघालं ते वेगळंच. पगारी माणूस एकही नाही. कोणी सुतार, कोणी शेतकरी, एक बाई शाळेची बस चालवणाऱ्या. दर मंगळवारी संध्याकाळी सराव. भरती झाल्यावर जावयांनी शंभराहून जास्त तासांचं प्रशिक्षण घेतलं, तेही नोकरी सांभाळून, रात्री आणि शनिवार-रविवारी.

एक मंगळवार मी खुर्ची टाकून बघत बसले. गावाबाहेर रस्त्यावर पाण्याचे नळ नसतात, म्हणजे बंबाला पाणी मिळणार कुठून? तर एक घडीचा हौद असतो. तो जमिनीवर उघडायचा, टँकरने आणून त्यात पाणी ओतायचं, बंबाने त्यातून ओढायचं, आणि तोवर टँकरने पुन्हा ओढ्यावर पळायचं. हे चक्र तुटलं की संपलं. लहानपणी आमच्या गावात कडब्याची गंजी पेटली होती तेव्हा विहिरीपासून माणसांची रांग लावून कळशा हातोहात पोचवल्या होत्या, त्याची आठवण झाली. तालुक्याचा बंब आला तेव्हा आम्ही मुलं राखेत काठ्या खुपसत होतो.

मी इतिहास शिकवत असे, त्यामुळे या प्रकाराचं मूळ शोधल्याशिवाय राहवलं नाही. बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ साली फिलाडेल्फियात युनियन फायर कंपनी काढली. प्रत्येक सभासदाने चामड्याच्या बादल्या आणि सामान वाचवायला पिशव्या तयार ठेवायच्या. महिन्याला एकदा जमायचं आणि आगीविषयी ज्याला जे सुचलं असेल ते इतरांना सांगायचं. गैरहजर राहिलं तर दंड! त्या दंडाच्या पैशांतून शिड्या, आकड्या आणि बंब घेतले, असं त्याने आत्मचरित्रात लिहिलं आहे. गैरहजेरीच्या दंडातून बंब... शाळेत असताना मला हे सुचलं असतं तर आज आमच्या शाळेकडे चार बंब असते.

आता दंड नाही, पॅनकेक आहेत. रविवारी सकाळी बंबाच्या शेडमध्ये टेबलं मांडायची, गावाला न्याहारी विकायची आणि गल्ला जमवायचा. नवा बंब पाच लाख डॉलरच्या पुढे जातो. किती पॅनकेक विकायचे याचा हिशोब मी दोनदा करायला घेतला आणि सोडून दिला.

माणसंही कमी होताहेत. १९८४ साली अमेरिकेत असे स्वयंसेवक सुमारे नऊ लाख होते, २०२० साली पावणेसात लाखांच्या आसपास. लोकसंख्या या काळात वाढलेली. नोकऱ्या घरापासून तासभर लांब गेल्या, प्रशिक्षणाचे तास वाढले, आगीपेक्षा आजारी माणसांसाठी येणारे फोन जास्त झाले. दिवसाढवळ्या आग लागली तर गावात असतं कोण? जावई घरून काम करतात म्हणून दुपारी त्यांनाच पळावं लागतं. यावरून लेकीचं आणि त्यांचं वाजतं. सुरुवातीला मी लेकीच्या बाजूने होते, हे कबूल करते.

मग एका शनिवारी ते वही घेऊन निघाले. म्हटलं, कुठे? म्हणाले, "आई, हद्दीतली गोदामं आणि गोठे बघायला. आत काय साठवलंय, कुठे साठवलंय, वीज कुठून बंद होते, सगळं लिहून ठेवतो." म्हटलं, सरकार करत नाही का हे? ते एवढंच म्हणाले, "वेस्टचं वाचा."

वेस्ट हे टेक्सासमधलं जेमतेम तीन हजार वस्तीचं गाव. १७ एप्रिल २०१३ ला संध्याकाळी साडेसातच्या सुमारास तिथल्या खताच्या गोदामातून धूर निघाल्याची खबर आली. गावचे स्वयंसेवक धावले. गोदाम लाकडी, आत लाकडी कप्प्यांत अमोनियम नायट्रेटचे ढीग, पाण्याचे फवारे नाहीत. खबर आल्यापासून साधारण बावीस मिनिटांत स्फोट झाला. पंधरा माणसं गेली, त्यातली बारा मदतीला धावलेली. जवळच वृद्धाश्रम, शाळा, घरं. एवढ्या जवळ ते गोदाम कोणी राहू दिलं? नंतरच्या सरकारी तपासात स्पष्ट म्हटलं आहे की, अशा मालाच्या आगीचं पुरेसं प्रशिक्षण आणि आधी केलेली आखणी नव्हती.

आपल्याकडे १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात, तो १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या ६६ जवानांच्या स्मरणार्थ. त्या 'फोर्ट स्टिकीन' बोटीत कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकत्र भरला होता. तिथले जवान पगारी होते, वेस्टमधले बिनपगारी. पण आग विझवणारे ते, आणि कशाशेजारी काय ठेवायचं हे ठरवणारे दुसरेच, हे दोन्हीकडे सारखं.

म्हणून माझं मत असं झालं आहे की या माणसांना 'वीर' म्हणून टाळ्या वाजवणं फार स्वस्त पडतं. जो माणूस फुकट जीव धोक्यात घालतो, त्याला दाराआड काय आहे हे सांगणं हे गावाचं पहिलं देणं. बंब पॅनकेकवर आला तर एक वेळ चालेल, पण ही माहिती मागायला त्याने शनिवारी वही घेऊन दारोदार का हिंडावं? आणि मागितली तर लोकांनी कपाळाला आठ्या का घालाव्यात? शेतीमालाच्या एका दुकानदाराने तर जावयांना, "तुम्ही इन्स्पेक्टर आहात का?" असं विचारलं. यादी देतो म्हणाला, पुढच्या आठवड्यात.

लेकीलाही मी हेच म्हटलं: त्यांना घरात बसवण्यापेक्षा तू त्या दुकानदाराशी भांड. तिचं किराणा सामानही त्याच रस्त्याला आहे. ती माझ्याकडे बघत राहिली, पण गेली. दोनदा.

परवा फोन झाला. पेजर वाजल्यामुळे जावई मध्येच उठून गेले, ताटावर झाकण ठेवल्याचा आवाज मला इकडे ऐकू आला. यादीचं विचारलं. अजून आलेली नाही.