संशोधनपद्धतीचें पाठांतर

समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र इत्यादि विषय शिकविणाऱ्या आपल्या महाविद्यालयांत ‘संशोधनपद्धति’ नांवाचा एक विषय असतो. त्याच्या उत्तरपत्रिका पाहिल्या तर विद्यार्थ्यांस सारें कांहीं येतें असें वाटावें. संशोधनाच्या व्याख्या, चांगल्या प्रश्नावलीचे गुण, नमुना निवडण्याचे प्रकार, मुलाखतीचे फायदे व तोटे हें सर्व तेथें क्रमवार हजर असतें. आतां त्याच विद्यार्थ्यास म्हणावें, “तुझ्या आळींत काम करणाऱ्या स्त्रिया किती आहेत, एवढें चौकशी करून सांग.” तो गोंधळून जाईल. कोणास विचारावें, कोणत्या शब्दांत विचारावें, जें दार उघडलेंच नाहीं त्याची नोंद कशी ठेवावी, यांपैकीं कांहींच त्याला कोणीं शिकविलेलें नसतें.

एवढ्यावरच भागतें तर त्यास आम्हीं नुसतें नीरस अध्यापन म्हटलें असतें. परंतु ह्या पाठांतराच्या पोटीं एक वाईट गोष्ट जन्मास येते. पदवीसाठीं ‘प्रकल्प’ द्यावयाचा असतो; त्याला अमुक इतक्या भरलेल्या प्रश्नावल्या जोडाव्या लागतात; आणि तारीख तर उद्यांवर आलेली असते. मग वसतिगृहाच्या एका खोलींत, चहाच्या दोन फेऱ्यांत, पन्नास काल्पनिक गृहस्थ आपापलीं मतें नोंदवून मोकळे होतात! विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१८ सालीं वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले आणि दहा टक्क्यांहून अधिक मजकूर दुसऱ्याचा आढळल्यास चढत्या क्रमानें कारवाई ठरविली. तें योग्यच झालें. पण चोरलेलें वाक्य यंत्र पकडतें. बनविलेलें उत्तर तें कसें पकडणार? बनविलेलें उत्तर तर अगदीं ‘स्वतंत्र’ असतें! विसाव्या वर्षीं ज्यास ही युक्ति साधली, तोच पुढें एखाद्या कार्यालयांत बसून खेड्यांतील शौचालयांचे व शाळांतील पटाचे आंकडे गोळा करणार आहे, याचा विचार कोणी करतो काय?

वस्तुतः प्रश्न कसा विचारावा, एवढी एकच गोष्ट नीट शिकविली तरी अर्धें काम होईल. घरोघर जाऊन “आपण काम करतां काय?” असें विचारलें तर पुष्कळ गृहिणी सहज सांगतात, “नाहीं, मी घरींच असतें.” त्यांतलीच एखादी पहांटे म्हशीची धार काढते, दुपारीं शेतांत खुरपते आणि संध्याकाळीं नवऱ्याच्या दुकानावर बसते. ती खोटें बोलत नाहीं. प्रश्नांतील ‘काम’ ह्या शब्दाचा अर्थ तिच्या लेखीं पगार असा आहे. म्हणूनच १९९१ च्या जनगणनेंत शेतावरील व घरधंद्यांतील विनावेतन काम धरून सांगावें, असे शब्द प्रश्नांत मुद्दाम घालावे लागले. चार शब्द कमी पडले कीं लाखों स्त्रियांचे श्रम राष्ट्राच्या हिशेबांतून पुसले जातात. हें ज्यानें एकदां स्वतः पाहिलें, त्याला चांगल्या प्रश्नावलीचे गुण पाठ करावे लागणार नाहींत.

मोठ्या संख्येचा मोहही असाच आहे. अमेरिकेंत १९३६ सालीं ‘लिटररी डायजेस्ट’ नियतकालिकानें सुमारें एक कोटी मतपत्रिका पाठविल्या. वीस लाखांवर परत आल्या आणि त्यांच्या बळावर लँडन विजयी होणार असें भाकीत केलें. प्रत्यक्षांत रूझवेल्ट यांनीं ४८ पैकीं ४६ राज्यें जिंकलीं! पत्ते काढले होते ते दूरध्वनीच्या व मोटारींच्या याद्यांतून; मंदींत पोळलेल्या गरिबाचें नांव त्यांत फारसें नव्हतें. शिवाय उत्तर पाठविण्याची हौस सर्वांस सारखी नसते. जॉर्ज गॅलप यांनीं कितीतरी लहान नमुन्यावरून विजेता बरोबर सांगितला. कोण बोलला याइतकेंच कोण बोललाच नाहीं हें महत्त्वाचें, हा धडा त्यांत आहे.

चिकाटीचें उदाहरण पाहावयास तर अमेरिकेंतही जाणें नको. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनीं पिंपळे सौदागर ह्या एका गांवाची बारकाईनें पाहणी करून १९१७ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. १७७१ मध्यें जी सरासरी जमीनधारणा सुमारें ४० एकर होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली, हें त्यांतून दिसलें. पुढें कानिटकरांच्या साह्यानें त्यांनीं जातेगांवाचा अभ्यास १९२१ सालीं पुढें आणला. आज पिंपळे सौदागरास उंच इमारती उभ्या आहेत. पण त्या पाहणीचें मोल गेलेलें नाहीं, कारण ती गांवांत जाऊन केलेली होती.

कोणी म्हणतील, “वर्गांत मुलें शंभर, शिक्षक एक, ही हिंडण्याची चैन कोणास परवडणार?” आमचें उत्तर असें कीं, शंभर मुलें ही अडचण नसून भांडवल आहे. एकाच वस्तींत निम्म्या मुलांनीं वरील प्रश्न एका शब्दांत विचारावा, निम्म्यांनीं दुसऱ्या. कोणत्या घरीं कोणता न्यावयाचा तें चिठ्ठ्या टाकून ठरवावें. दुसऱ्या दिवशीं दोन्ही आंकडे फळ्यावर मांडावेत. त्यांतील तफावत घरांची नसून बहुतांशीं शब्दांची आहे, हें मागल्या बाकावरच्या मुलासही कळेल. व्याख्या आम्हांस नकोत असें नाहीं. त्या अनुभवास नांव देण्यासाठीं मागाहून याव्यात. आणि गुण द्यावयाचे ते निष्कर्षाच्या डौलाला नव्हे, तर “बारा घरांनीं उत्तर दिलें नाहीं, सात घरें बंद होतीं” असें प्रामाणिकपणें लिहिणाऱ्यास.

शेवटीं थोडें आपणां सुशिक्षित कुटुंबांविषयीं. मुलाचे गुण किती, हें आपण चौकसपणें विचारतों. त्याच्या प्रकल्पांतील माणसें खरीं होतीं काय, हें कधींच विचारीत नाहीं. दुपारच्या वेळीं कागद घेऊन दारीं आलेल्या विद्यार्थिनीस आपण “आतां वेळ नाहीं” म्हणून परत पाठवितों, किंवा “तूंच भरून टाक ना, बाई,” असा उदार सल्ला देतों. त्या क्षणीं तिचे खरे अध्यापक आपण असतों. म्हणून पुढल्या वेळीं तिला आंत बोलवावें, पाणी द्यावें, सारे प्रश्न विचारूं द्यावेत आणि खरीं उत्तरें द्यावींत. विद्यापीठाचा अभ्यासक्रम सुधारेल तेव्हां सुधारो. हा सुधार आपल्या उंबऱ्यावर आजच करतां येण्यासारखा आहे.