मेजवानीची यजमानीण

श्रीमंतांच्या कलाप्रेमाबद्दल मला नेहमी थोडी शंका असते. भिंत मोकळी दिसते म्हणून चित्र घ्यायचं, भाव वाढला की विकायचं! मारी-लॉर द नोआय या फ्रेंच विकोंतेसबद्दलही असंच नाक मुरडून बोलणारे आहेत. बापाकडून बँकवाल्यांचा पैसा, आईकडून थेट मार्की द सादचं रक्त, आणि १९२३ साली लग्न झालं तेही नोआयसारख्या जुन्या उमराव घराण्यात. मग पॅरिसमध्ये वाडा, तिथे रोजचा गोतावळा. हिला कसलं आलंय कर्तृत्व, असा एकूण सूर.

मला हे पटत नाही. वारशात नुसता पैसाच नव्हे, गोयाची चित्रंसुद्धा मिळालेली ही बाई. तिने तेवढ्यावर भागवलं असतं तर कोण काय म्हणणार होतं? पण ती आणि नवरा शार्ल यांनी फारसं नाव नसलेल्या दालीला पुढच्या चित्राचे पैसे आगाऊ दिले. त्यातून त्याने समुद्रकाठी कोळ्याची झोपडी घेतली. दक्षिणेला येर गावात माले-स्तेवांसकडून काँक्रीटचा चौकोनी ठोकळ्यांचा बंगला बांधून घेतला, तोही १९२३ पासून! पुलांककडून संगीत लिहवून घेतलं. चित्र एक वेळ विकता तरी येतं हो, पण एका रात्रीच्या संगीताचं काय करणार?

आणि मग बुन्युएल. १९३० साली या दांपत्याने त्याला 'लाज दॉर', म्हणजे सुवर्णयुग, या चित्रपटासाठी पैसे दिले आणि काय करायचं ते कर म्हणून सांगितलं. त्याने केलं! चर्च, लष्कर, घरंदाज मंडळी, कोणालाच सोडलं नाही. वाड्यात मेजवानी चालू आहे, स्वयंपाकघरातून आगीचा लोळ येतो, मोलकरीण कोसळते, आणि पाहुण्यांचं तिकडे लक्षही नाही. म्हणजे यजमानांच्याच पंक्तीची टिंगल, यजमानांच्याच खर्चाने.

बुन्युएलने आठवणींत लिहिलंय की पॅरिसच्या बड्या लोकांसाठी एक खास खेळ ठेवला होता. नवराबायको दारात उभे राहून हसतमुखाने एकेकाचं स्वागत करत होते. खेळ संपल्यावरही ते तिथेच निरोप द्यायला उभे. पण पाहुणे एक शब्द न बोलता निघून गेले... मला हा प्रसंग पुढच्या दंगलीपेक्षाही भयंकर वाटतो. ज्यांच्यात आयुष्यभर जेवायचं-खायचं, त्यांनी असं तोंड फिरवायचं!

दंगल तर झालीच. ३ डिसेंबरला उजव्या टोळ्यांनी स्टुडिओ २८ या चित्रपटगृहात घुसून पडद्यावर शाई फेकली, बाहेर लावलेली चित्रं फाडली. आठवड्याभरात बंदी आली. शार्लला जॉकी क्लबातून बाहेर पडावं लागलं. आणि इथे ही मंडळी मागे सरली. यापुढे या गदारोळात आमचं नाव नको, असं शार्लने बुन्युएलला कळवलं. पॅरिसमध्ये हा चित्रपट पुन्हा रीतसर लागायला १९८१ उजाडलं. मारी-लॉर १९७० सालीच गेली होती.

त्याच सुमारास कॉक्तोच्या चित्रपटालाही त्यांचाच पैसा होता. त्यात नवराबायको हौसेने नाटकाच्या बॉक्समध्ये बसून टाळ्या वाजवताना दिसणार होते. पण आपण टाळ्या वाजवतोय त्या एका आत्महत्येला, हे कळल्यावर त्यांनी तो भाग काढायला लावला. कॉक्तोने दुसरी माणसं बसवून तो पुन्हा चित्रित केला.

यावरून ही माणसं ढोंगी होती असं म्हणणारे म्हणतात. मला तो शब्द जड वाटतो. पैसे देताना त्यांनी एकही अट घातली नाही, आणि नंतर एका शब्दानेही दोष दिला नाही, हे खुद्द बुन्युएलने नोंदवलंय (आणि हा गृहस्थ कोणाची भीडभाड ठेवणारा नव्हे!). मात्र तिला बंडखोर वगैरे म्हणतात, तेही मला मान्य नाही. बंडखोराला घर सोडावं लागतं. हिचा वाडा होता तिथेच होता, दिवाणखान्यातल्या मैफली पुढे कित्येक वर्षं चालूच राहिल्या.

असो. 'लाज दॉर' मिळाला तर जरूर बघा, जेमतेम तासाभराचा आहे. मेजवानीचा प्रसंग आला की पाहुण्यांचे चेहरे नीट बघा, आणि दारात उभ्या असलेल्या त्या दोघांचीही आठवण ठेवा.