विमान जागे राहील, माणसाचे काय?

सोलापूरकरांना उन्हाची ओळख करून द्यावी लागत नाही. मार्च सरला नाही तोच पारा चाळिशीकडे धावू लागतो. असेच ऊन पंखांवर झेलत दिवसेंदिवस आकाशात राहणारी वैमानिकरहित विमाने आता लष्करी टेहळणीसाठी घडवली जात आहेत. बंगळूरच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजने फेब्रुवारी २०२४ मध्ये चित्रदुर्ग जिल्ह्यातील चळ्ळकेरे येथे अशा विमानाच्या लहान प्रतिकृतीची चाचणी घेतली. वजन जेमतेम २३ किलो, पंखांचा विस्तार सुमारे १२ मीटर. ते साडेआठ तास हवेत राहिले. एअरबसचे ‘झेफर’ २०२२ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोनातून उडाले आणि कोसळण्यापूर्वी सलग ६४ दिवस आकाशात होते.

या विमानांची खरी परीक्षा रात्री असते. दिवसा पंखांवरील सौरघट पंखा फिरवतात आणि बॅटरीही भरतात. अंधार पडला की विमान त्या साठ्यावर तरते. जेवणानंतर यकृत साखर साठवते आणि रात्रीच्या उपाशी तासांत ती पुरवते, तसाच हा प्रकार. पूर्ण आकाराच्या विमानांना सुमारे २० किलोमीटर उंचीवर, म्हणजे ढगांच्या आणि प्रवासी विमानांच्या वर राहायचे आहे. टेहळणी उपग्रह डोक्यावरून निघून जातो. हे विमान एकाच टापूवर घिरट्या घालू शकते. सरहद्दीवर पहारा देणाऱ्या सैन्याला त्याचे मोल कळते.

मात्र विमानात वैमानिक नसला तरी जमिनीवर माणूस असतोच. ६४ दिवस म्हणजे १,५३६ तास. आठ तासांची पाळी धरली, तर पडद्यापुढच्या एका खुर्चीसाठी १९२ पाळ्या लागतात आणि त्यांतल्या ६४ रातपाळ्या असतात. गिरण्यांच्या भोंग्यावर पिढ्या घालवलेल्या सोलापूरला रातपाळी म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

नुसते पाहत राहणे हे हलके काम वाटते. शरीरशास्त्र तसे म्हणत नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी रडारवरील पहारेकऱ्यांचा प्रश्न घेऊन केलेले प्रयोग १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या अर्ध्या तासातच माणसाच्या नजरेतून खुणा निसटू लागतात, असे त्यांत दिसले. पहाटे दोन ते पाचच्या सुमारास शरीराचे तापमान उतरते आणि सावधपणाही उतरतो. चहाचे कप वाढवून हे घड्याळ बदलत नाही. सलग १७ तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते, हेही प्रयोगांनी दाखवले आहे.

अमेरिकी हवाई दलातील ड्रोनचालकांच्या पाहण्यांत मानसिक थकव्याची मोठी कारणे म्हणून लांबलेले तास, फिरत्या पाळ्या आणि अपुरे मनुष्यबळ पुढे आली. अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या परिचारिकांना हे नवे नाही. मॉनिटर थकत नाही, पण त्याचा सततचा गजर ऐकून कान बधिर होतात आणि खरा इशारा त्या गोंगाटात हरवतो. संगणक चित्रे तपासेल, हे खरे. तरी त्याने दाखवलेली हालचाल घुसखोराची की मेंढपाळाची, हे कोणीतरी जागा माणूसच ठरवणार. त्या निर्णयावर कोणाचा तरी जीव अवलंबून असेल.

प्रवासी विमानाच्या वैमानिकाने किती तास उडावे आणि किती विश्रांती घ्यावी, याचे नियम आपल्याकडे आहेत. पडद्यापुढच्या पहारेकऱ्यालाही तसाच काटेकोर नियम हवा. अर्ध्या-पाऊण तासाने जागेची अदलाबदल, सलग रातपाळ्यांवर मर्यादा, दिवसा झोपायला अंधारी व शांत खोली आणि मानसोपचाराची मदत मागितली म्हणून बढती न अडण्याची हमी, एवढे तरी त्यात असावे. विमानाच्या किमतीत बॅटरी धरली जाते. तशीच ही माणसेही पहिल्या दिवसापासून हिशेबात धरायला हवीत. सोलापूर, सातारा, सांगलीतील कितीतरी घरांची मुले सैन्यात आहेत. उद्या त्यांतलीच काही त्या खुर्च्यांवर बसतील. त्यांची झोप हाही देशाच्या संरक्षणाचाच भाग आहे.