अंगात येणाऱ्याची कैफियत

येरवड्याच्या मनोरुग्णालयापासून मावळ-मुळशीतील कातकरी आदिवासींच्या वाड्यांचे अंतर एका दिवसाच्या प्रवासाचेही नाही. तथापि वाडीतल्या एखाद्या बाईच्या अंगात येऊ लागले, केस मोकळे सोडून ती घुमू लागली आणि एरवी ज्याच्यापुढे तिने ब्र काढला नसता त्या सासऱ्याला अरेतुरे करून जाब विचारू लागली, म्हणजे तिला प्रथम भगताच्या, म्हणजे गावच्या देवऋषीच्या, अंगणात नेतात, ही गोष्ट पुण्यातील सुशिक्षितांना निव्वळ अज्ञानाची खूण वाटते. मला ती तशी वाटत नाही. भगत तांदळाचे दाणे मांडून कौल पाहतो, कोणते दैवत दुखावले, घरात कोणाचा कलह झाला, हे चारचौघांदेखत विचारतो, आणि त्या स्त्रीची फिर्याद, कदाचित प्रथमच, सारी वाडी ऐकून घेते.

पाश्चात्त्य मनोवैद्यकाने आदिवासींच्या अशा व्यथांना ‘संस्कृतिबद्ध’ विकारांच्या यादीत घातले खरे. परंतु ध्रुवप्रदेशातील इनुइट स्त्रियांच्या ‘पिब्लोक्टोक’ या उन्मादाची वर्णने बव्हंशी ध्रुवसंशोधक पिअरीच्या मोहिमांतील गोऱ्यांनी लिहिलेली होती, आणि लाइल डिक या इतिहासकाराने 1995 साली ती दप्तरे पुन्हा तपासली, तेव्हा त्यामागे परक्या पुरुषांची लैंगिक जबरदस्तीही असल्याचे त्याने दाखवून दिले. इंग्रजी अमलात गुन्हेगार जमात ठरलेल्या आणि आजही उचल घेऊन वीटभट्टीच्या मालकाशी जखडल्या जाणाऱ्या कातकऱ्यांच्या व्यथेला नाव देताना आपण तीच चूक करू नये.

म्हणून भगताला मोकळे रान द्यावे, असे मात्र नव्हे. सातपुड्यात तोच कौल एखाद्या निराधार विधवेला डाकीण ठरवितो, तिला मारहाण होते, गावाबाहेर काढले जाते. येथे दयामाया नको. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यातच अंधश्रद्धाविरोधी चळवळीचे नेते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाल्यावर जो जादूटोणाविरोधी कायदा अमलात आला, तो अशाच प्रसंगी कठोरपणे वापरला पाहिजे.

एरवी मात्र भगताला सोबत घेता येईल. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात 2008 पासून मुजावर आणि मनोवैद्य एकमेकांच्या साह्याने काम करीत आले आहेत. पुणे जिल्ह्यातील सह्याद्रीच्या तालुक्यांत तसा प्रयोग व्हावा; प्राथमिक आरोग्यकेंद्रांत कातकरी व ठाकरी बोली जाणणाऱ्या आदिवासी स्त्रियांनाच समुपदेशक नेमावे, भगतांशी बोलणे त्यांनीच करावे, आणि दिवाळीनंतर वाड्या ओस पडून कुटुंबे भट्ट्यांवर गेली की या समुपदेशकांनाही तेथवर जाण्याचा भत्ता सरकारने द्यावा.