सातमाशी बाळाचं वय कसं मोजायचं?

अकोल्याच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. तिचं बाळ ३०व्या आठवड्यात जन्मलं, वजन १३०० ग्रॅम. बरेच दिवस काचेच्या पेटीत राहून घरी आलं. आता पाच महिने झाले, तरी मान नीट धरत नाही. जाऊबाईंची मुलगी या वयात पालथी पडत होती म्हणे! "माझं बाळ मंद तर नाही ना?" असं ती विचारते.

बाई गं, आधी हिशेब करू. पूर्ण दिवसांचं बाळ ४० आठवड्यांचं. तुझं १० आठवडे आधी आलं. म्हणून पाच महिन्यांतून अडीच वजा कर. वाढीच्या हिशेबात ते अडीच महिन्यांचंच. या वयात मान डगमगायचीच! दोन वर्षांपर्यंत वय असंच मोजायचं. लशी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या.

पण एवढ्यानं निर्धास्त राहू नका. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ झालं, तर महिन्याच्या आत डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायलाच हवा. फारच लहान असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. वरून डोळे छान टपोरे दिसतात, पण आत पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढू शकतात. वेळेत उपचार झाले तर बहुतेकदा दृष्टी वाचते. उशीर झाला तर गेलेली परत येत नाही. तुझ्या फाईलमध्ये या तपासणीची नोंद नसेल, तर उद्याच जा. कानांचीही तपासणी करून घे.

हातपाय ताठ राहतात, मुठी उघडतच नाहीत, बाळ नजर देत नाही, असं काही दिसलं तर "होईल हळूहळू" म्हणत थांबू नये. व्यायाम जितके लवकर सुरू होतील, तितका फायदा. तुमच्याकडे जिल्हा स्त्री रुग्णालय आहे, आमच्या अमरावतीत डफरीन. तिथे चौकशी करावी. २०१३पासून सरकारच्या बालस्वास्थ्य कार्यक्रमात अशा मुलांची तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

घरी धुरी देऊ नका; नाजूक फुप्फुसांना ती सोसत नाही. आणि ग्रहण पाहिलं, पपई खाल्ली म्हणून असं झालं, हे कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका.

हे पान जाऊबाईंनाही वाचायला दे!