कोणत्या तळेगावचा प्रिन्स?

आमचे तळेगाव कंसावाचून सांगता येत नाही. दाभाड्यांचे, ढमढेऱ्यांचे, दशासरचे अशी तळेगावे महाराष्ट्रात बरीच. म्हणून नागपूर-अमरावती रस्त्यावरच्या, आष्टी तालुक्यातल्या आमच्या गावाला ‘श्यामजी पंत’ ही ओळख सोबत बाळगावी लागते. जुन्या संगणक-खेळांचेही तसेच आहे. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ एवढे म्हटल्याने कोणता प्रिन्स ते ठरत नाही. आम्हांला हवा होता तो आमच्या घरच्या फ्लॉपीवरचा.

पुतण्याला हे पटेना. “काका, हे तं दोन मिन्टात डाउनलोड होते. कायले एवढी मेहनत करून राहिले तुम्ही?” प्रश्न रास्त होता. आम्ही यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह मागवला, पेटीतल्या नऊ फ्लॉप्या एकेक करून त्यात घातल्या, आणि सात फ्लॉप्यांनी नुसता खरखरीचा आवाज काढून हात वर केले. आठवीतून फाइली उतरल्या. पण चौसष्ट बिटांच्या विंडोजला डॉसचे सोळा बिटांचे प्रोग्रॅम चालवताच येत नाहीत; तिने ‘हे या संगणकावर चालणार नाही’ असे सांगून दार लावून घेतले. विंडोज ९५च्या काळातल्या खेळांची गत तर आणखी चमत्कारिक. खेळ बत्तीस बिटांचा, म्हणजे चालण्याजोगा, पण त्याला आत आणणारा इन्स्टॉलर मात्र सोळा बिटांचा. घरधनी जागा आणि द्वारपाल निजलेला!

डॉसच्या खेळांना यावर उपाय ‘डॉसबॉक्स’. 2002 पासून उपलब्ध असलेला हा मोफत प्रोग्रॅम आजच्या संगणकाच्या पोटात एक जुना संगणक उभा करतो. फोल्डर ‘माउंट’ करायचे की तोच त्याचा सी ड्राइव्ह होतो. त्या काळच्या कित्येक खेळांनी काळ मोजण्याचे काम प्रोसेसरच्या वेगावर सोडले होते, त्यामुळे ते आज सुसाट पळतात. मग कंट्रोल आणि एफ-११ दाबून यंत्राला दमादमाने हळू करायचे. आवाज आला नाही तर खेळाच्या सेटअपमध्ये साउंड ब्लास्टर निवडून पाहायचे. या खटाटोपात आमची एक दुपार गेली, आणि ती वाया गेली असे आम्ही मानत नाही.

आता थोडे तक्रारीचे. आपल्या 1957च्या स्वामित्वहक्क कायद्यातल्या व्याख्येनुसार, पुढे झालेल्या दुरुस्तीमुळे, संगणकाचा प्रोग्रॅम ही ‘साहित्यकृती’ ठरते. लेखकाच्या हयातीत आणि नंतर 60 वर्षे तिला संरक्षण आहे. मात्र प्रकाशित ग्रंथाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाला देण्याची सक्ती करणारा 1954चा कायदा ग्रंथांपुरता, आणि नंतर वृत्तपत्रांपुरता. म्हणजे हक्क सांगायच्या वेळी साहित्य, जपायच्या वेळी नाही. साठ वर्षे फ्लॉपी थोडीच थांबणार आहे? आमची प्रत कायदेशीर नव्हती हेही कबूल करायला हवे. ती संगणक-वर्गातून हातोहात आली होती. तशा प्रती फिरल्या नसत्या तर आमच्यासारख्या गावात हा खेळ पोचलाच नसता, आणि आज जपायलाही काही उरले नसते.

जनकांच्या घरीही फारसे वेगळे नव्हते. जॉर्डन मेकनर यांनी 1989 मध्ये हा खेळ अ‍ॅपल-टू संगणकासाठी प्रसिद्ध केला. राजपुत्राची धाव धाकट्या भावाच्या चित्रफितीवरून उतरवलेली, संगीत वडिलांचे. त्याची मूळ संहिता हरवली असे ते समजून होते. 2012 मध्ये वडिलांनाच जुन्या सामानात त्या फ्लॉप्या सापडल्या, जाणकारांनी त्या वाचून काढल्या, तेव्हा ती जगासमोर आली.

मराठी वाचकाने याकडे पोरखेळ म्हणून पाहू नये. युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेले आपले किती लेख, किती दिवाळी अंकांचा मजकूर आज उघडला की रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो! फाइल शाबूत, वाचणारे यंत्र गेले. मोडीचे दप्तर निदान डोळ्यांना दिसते तरी.

असो. आमच्या प्रतीकडे वळू. 2000 नंतरच्या त्या वर्षांत भारनियमन असे, आणि राजकन्येला सोडवायला खेळात मिळत साठ मिनिटे. तेवढी सलग वीज मिळणे हाच पहिला पराक्रम. थोरल्या दादाने तो साधला होता. जिंकणाऱ्याचे नाव आणि उरलेला वेळ खेळ एका लहानशा फाइलीत लिहून ठेवतो. दादाला जाऊन आता अकरा वर्षे झाली. त्या दुपारी यादी उघडली, तर पहिल्या ओळीत त्याचे नाव, पुढे चार मिनिटे. डाउनलोड केलेल्या प्रतीत ही ओळ नसते.

पुतण्या थोडा वेळ काही बोलला नाही. नवे नाव चढले तर यादी बदलेल, म्हणून आम्ही त्या फाइलीच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी काढून ठेवल्या आणि मग खेळ त्याच्या हवाली केला. सध्या तो तिसऱ्या टप्प्यावरच्या सांगाड्यापाशी अडला आहे.