मोरी गेली, सिंक आलें

रत्नागिरींतील परिचयाच्या दोन-तीन घरांतून अलीकडे आमच्याकडे एकच तक्रार आली आहे. स्वयंपाकघरांत हौसेनें बसविलेल्या स्टीलच्या सिंकला दीड-दोन वर्षांतच तांबूस ठिपके पडले. 'न गंजणारें म्हणून घेतलें, आणि दुकानदारानें फसविलें,' असें एक भगिनी म्हणाल्या. दुसऱ्या घरीं दोष दुकानदाराकडे न जातां थोरल्या सासूबाईंच्या घासण्याकडे गेला, आणि त्या माउलीनें सिंकला हात लावणेंच सोडून दिलें. ह्या दुसऱ्या गोष्टीचें आम्हांस अधिक वाईट वाटलें, म्हणून आज हा विषय हातीं घेतला आहे.

प्रथम थोडें शास्त्र. इंग्लंडांत शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली ह्यांनीं १९१३ सालीं क्रोमियम मिसळलेलें, सहसा न गंजणारें पोलाद तयार केलें. पोलादांत सुमारें १०.५ टक्के वा अधिक क्रोमियम असलें म्हणजे हवेंतील प्राणवायूशीं त्याचा संयोग होऊन पृष्ठभागावर डोळ्यांस न दिसणारा पापुद्रा धरतो. गंज थोपवितो तो हा पापुद्रा. तो ओरखडला, तरी स्वच्छ पाणी आणि हवा मिळतांच पुन्हां धरतो. त्याचा खरा वैरी मीठ होय. मिठांतील क्लोराइड एके जागीं साचून राहिलें कीं तेथला पापुद्रा फुटतो आणि टांचणीच्या टोंकाएवढे खड्डे पडूं लागतात.

आतां रत्नागिरीच्या घरांत मिठाला काय तोटा! समुद्रावरचा वारा खिडक्यांचे गज खातो, हें मांडवीकडील घरांस सांगावयास नको. परंतु आम्हांला वाऱ्यापेक्षां आगळाच्या पातेल्याचा संशय अधिक. उन्हाळ्याच्या अखेरीस रातांबे फोडून मिठांत घालतात, कैऱ्या खारांत पडतात, आणि त्या कामाचीं भांडीं 'सकाळीं घासूं' म्हणून रात्रभर सिंकमध्यें पडून राहतात. आंबट व खारट रस तळाशीं साचलेला, वर पातेल्याचें बूड टेकून हवा बंद. गंजाला ह्याहून सोयीची जागा कोणती? वर सांगितलेल्या दुसऱ्या घरीं आम्ही मुद्दाम जाऊन पाहिलें. ठिपके पातेल्याच्या बुडाच्या आकारानें वर्तुळाकार पडले होते. सासूबाई निर्दोष ठरल्या. अगदींच निर्दोष नव्हेत, तें आतां सांगतों.

परसांतल्या दगडी दोणीपाशीं बसून राख, चिंच आणि सोडणाची शेंडी ह्यांनीं पितळ घासण्यांत ज्यांची हयात गेली, त्यांच्या हाताला जोर लावल्यावांचून समाधान होत नाहीं. पितळेला त्या जोरानें नवें तेज येतें. स्टीलला चरे पडतात, आणि चऱ्यांत मीठ व ओशटपणा दडून बसतो. लोखंडी तारेचा चोथा तर राखेहूनही वाईट. त्याचे कण पत्र्यांत रुततात आणि मग तेच गंजतात. बिडाचा तवा ओला ठेवला तरी असाच डाग उमटतो. हा डाग सिंकचा स्वतःचा नसतो. खाण्याचा सोडा पाण्यांत कालवून, पत्र्यावर बारीक रेघा ज्या दिशेनें दिसतात त्याच दिशेनें मऊ फडक्यानें चोळला म्हणजे तो बहुधा निघतो. मात्र नखाला खड्डा लागला, तर तो भरून येत नाहीं. वाढूं न देणें एवढेंच आपल्या हातीं.

रात्रीं शेवटचें भांडें उचलल्यावर सौम्य साबणानें सिंक धुवून, भरपूर पाणी ओतून, जुन्या धोतराच्या फडक्यानें कोरडें करावें. बाजारांतलीं चकाकी आणणारीं औषधें एवढें केल्यावर क्वचितच लागतात. फणसाच्या दिवसांत चीक चिकटला तर खोबरेल तेल लावून कागदानें पुसावा आणि मग साबण लावावा. गरम पाणी ओतल्यास तो नळींत जाऊन बसण्याचें भय असतें. ब्लीचिंगचें पाणी सिंकमध्यें ठेवूं नये. त्यांत लिंबू, व्हिनेगर किंवा संडास धुण्याचें अ‍ॅसिड तर कदापि मिसळूं नये, कारण त्यापासून क्लोरीन हा विषारी वायु निघतो. घरांत मुलें असतात. बाटल्या वेगळ्या ठेवाव्या.

राहिली दुकानदाराची गोष्ट. लोहचुंबक चिकटला नाहीं म्हणजे माल उत्तम, अशी समजूत आहे; ती अपुरी आहे. १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असलेल्या ३०४ क्रमांकाच्या स्टीलला चुंबक जवळजवळ लागत नाहीं, पण निकेल कमी करून मँगॅनीज वाढविलेल्या स्वस्त जातीलाही तो लागत नाहीं, आणि खाऱ्या हवेंत ती लवकर डागाळते. तेव्हां पावतीवर ३०४ हा आंकडा लिहून घ्यावा.

त्या दुसऱ्या घरीं आगळाचें पातेलें आतां परसांतल्या दोणीवर लगेच धुतलें जातें. रात्रीं सिंक पुसण्याचें काम सासूबाईंनीं आपण होऊन मागून घेतलें, असें सूनबाईंनींच आम्हांला कळविलें आहे.